हार्डी आमच्याच जिल्ह्यातला

माझे एक जुने मत आहे. गेली चाळीसेक वर्षे, ऐकणारा मिळेल तिथे, मी ते सांगत आले आहे. घरच्यांना तर ते पाठ झाले आहे. मी 'हार्डी' म्हटले की सूनबाई चहाचे आधण ठेवायला उठते. मत असे, की थॉमस हार्डी हा लेखक १८४० साली इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात जन्मला खरा, पण त्याने जे लिहिले ते आमच्या धाराशिव जिल्ह्याबद्दल. भूम, परंडा, वाशी, कळंब हा पट्टा ज्याने पाहिला आहे, मृग कोरडा जाताना ज्याने दारात बसून आभाळ न्याहाळले आहे, त्याला हार्डी समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांना तो समजावून सांगावा लागतो, हा त्यांचा दोष नाही. त्यांच्या दारात बाजरी पेरलेली नसते.

हे लिहायला निमित्त असे, की आमच्या नात्यातली दोन-तीन मुले-मुली इंग्रजी माध्यमात शिकतात आणि त्यांना 'क्लासिक' म्हणून या कादंबऱ्या लावल्या जातात. मुले वैतागतात. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या वयाची मंडळी म्हणतात, आपल्याकडे काय कमी आहे म्हणून साहेबाचे वाचायचे? दोन्ही पक्षांशी मी भांडत असते. तोंडी भांडणाचा कंटाळा आला, म्हणून आज लेखी.

आधी माझी पात्रता सांगते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. मी मराठी माध्यमातून बी.ए. झाले, पुढे बी.एड. केले आणि कळंब तालुक्यातल्या एका हायस्कुलात नोकरी केली. विषय मराठी आणि इतिहास. इंग्रजीचे शिक्षक नसले की इंग्रजीही. आमच्या पिढीला इंग्रजी भेटली ती परीक्षेपुरती. कॉलेजात सक्तीच्या इंग्रजीला एखादी संक्षिप्त कादंबरी असायची. ती कोणी वाचत नसे, गाईड वाचत. 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'मधल्या हेंचर्डचे स्वभावचित्र गाईडात चार मुद्द्यांत दिलेले होते: तापट, मानी, सचोटीचा, दुर्दैवी. प्रत्येक मुद्द्याला दोन ओळी, सगळे मिळून पाच मार्क. ते पाठ करताना मला राहून राहून वाटे, हा माणूस मी आडतीवर पाहिला आहे. म्हणून सुट्टीत शब्दकोश घेऊन मूळ कादंबरी वाचायला बसले. ओळीला दोन शब्द अडत. पण गोष्ट कुठेच अडली नाही, कारण ती गोष्ट धान्याच्या बाजाराची होती आणि तो बाजार मला ठाऊक होता.

हार्डीकडे वळण्याआधी मात्र एक हिशेब चुकता केला पाहिजे. इंग्रजी कादंबरीशी आमच्या जिल्ह्याचा एक प्रत्यक्ष, सरकारी म्हणावा असा संबंध आहे आणि तो आमच्याच मुलांना माहीत नसतो. १८५३ साली निजामाने जे मुलूख इंग्रजांकडे लावून दिले, त्यांत नळदुर्गचा जिल्हा होता. म्हणजे साधारणपणे आपलाच भाग. त्याचा कारभार पाहायला जो अधिकारी आला, त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस पोरवयातच मुंबईला आला आणि पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. नळदुर्गला येण्याआधीच तो नावाजलेला लेखक होता. ठगांवरची त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ सालची, विलायतेत खूप गाजलेली. १८६० मध्ये आपला मुलूख निजामाकडे परत गेला आणि टेलरही मायदेशी परतला. तिथे त्याने १८६३ साली 'तारा' ही कादंबरी छापली. तिची नायिका तुळजापूरची! आई भवानीच्या क्षेत्रातल्या एका शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. काळ शिवाजी महाराजांचा, अफजलखानाच्या स्वारीचा.

पानी महाल पाहायला नळदुर्गला सहली जातात. बोरी नदीचे पाणी, बंधारा, नर-मादी धबधबे, सगळे दाखवले जाते. मुलांना एवढेही कोणी सांगत नाही, की बाळांनो, इथे एक कादंबरीकार राहून गेला आहे. मी सांगत असे. मुले विचारत, मग त्याने आपल्याबद्दल काय लिहिले? आणि इथे माझी पंचाईत होई.

कारण 'तारा' मला जवळची वाटली नाही. टेलर वाईट माणूस नव्हता. इथली भाषा जाणणारा, माणसांत मिसळणारा अधिकारी अशीच त्याची ख्याती आहे. १८५७ चा वणवा ताजा असताना, इथल्या माणसांबद्दल विलायतेत विष कालवले जात असताना, एक ब्राह्मण विधवा आणि अफजलखानाचा मुलगा यांच्या प्रेमाची गोष्ट त्याने सहानुभूतीने लिहिली, याला मोठे मन लागते. पण त्या कादंबरीत तुळजापूर दिसते ते बुरुजावरून पाहिल्यासारखे. तलवारी आहेत, कारस्थाने आहेत, जत्रा आहेत, सुंदर आणि सोशिक नायिका आहे आणि सती जाण्याच्या घडीला तिला वाचवणारा वीर आहे. आमच्या पोटापाण्याचा घोर मात्र मला तिच्यात सापडला नाही. नावे आमची, गावे आमची, आणि तरी आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेल्या चित्रात उभे आहोत असे वाटत राहते.

याउलट हार्डी हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याला ज्वारी ठाऊक नव्हती, तुळजापूर ठाऊक नव्हते. तो एका गवंड्याचा मुलगा, स्वतःच्या परगण्याबद्दल लिहीत राहिला. पण त्याला बाजारभाव माहीत होता. माझे म्हणणे एवढेच आहे: नाव-गाव सारखे असल्याने पुस्तक आपले होत नाही. घोर सारखा असावा लागतो.

आता 'कॅस्टरब्रिज'च घ्या. १८८६ ची कादंबरी. हेंचर्ड हा गवतकापू मजूर ऐन तरुणपणी दारूच्या नशेत, जत्रेत, आपली बायको-पोर पाच गिनींना एका खलाशाला विकून टाकतो. सकाळी शुद्धीवर येतो आणि एकवीस वर्षे दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतो. ती पाळतो. वाढत वाढत धान्याचा मोठा व्यापारी होतो, नगराध्यक्ष होतो. मग फारफ्रे नावाचा एक स्कॉटिश तरुण येतो. तो हिशेब वहीत ठेवतो, हेंचर्ड डोक्यात. पुढची सगळी गोष्ट या दोन माणसांच्या चुरशीची. आमच्या मोंढ्यात हे दोघे आजही शेजारी शेजारी गाळ्यांत बसलेले दाखवता येतील.

त्यातला एक प्रसंग माझ्या विशेष आवडीचा. फारफ्रेला पाडायला हेंचर्डला मोठी उलाढाल करायची आहे. त्यासाठी सुगीत हवा कशी राहील हे कळायला हवे. गावाबाहेर, आडवाटेला, एक हवामान सांगणारा राहतो. लोक त्याला चारचौघांत हसतात आणि रात्री गुपचूप त्याच्याकडे जातात. हेंचर्डही ओळख लपवून जातो. तो सांगतो, सुगीत पाऊस-वादळ होणार. हेंचर्ड धान्य घेऊन ठेवतो, घेतच जातो. आणि ऊन पडते. लख्ख ऊन. भाव कोसळतात. देणी भागवायला तो मिळेल त्या भावाने माल विकून टाकतो. विकून होतो न होतो, तोच हवा बिघडते आणि भाव पुन्हा चढू लागतात.

हे वाचून आमच्याकडचा कोणता शेतकरी म्हणेल की ही परदेशातली गोष्ट आहे? बुलढाण्याकडे भेंडवळला अक्षय्यतृतीयेची घटमांडणी होते, तिचे भाकीत दरवर्षी वर्तमानपत्रात येते. आम्ही हसतो आणि वाचतो. आता तर मोबाइलवर हवामान सांगणारे रोज उठून सांगतात. भावाचेही तेच. २०२१ साली सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले होते. त्यानंतर कित्येकांनी पुढच्या वर्षांचा माल तसाच भाव येईल म्हणून घरात थप्पी लावून ठेवला. तो भाव परत आला नाही. २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढेही मिळेना. या लोकांना हेंचर्ड 'तापट, मानी, सचोटीचा, दुर्दैवी' असा चार मुद्द्यांत शिकवायची गरज नाही. त्यांना फक्त गोष्ट सांगा.

त्याच कादंबरीत बाजारात पेरणीयंत्र येते. तोवर त्या भागात बी हाताने फोकत असत. नवे यंत्र पाहायला गाव जमते, आणि फारफ्रे त्यात डोके घालून गाणे गुणगुणत यंत्र तपासत असतो. एलिझाबेथ-जेन या मुलीला वाटते, आता पेरणाऱ्याची ती शोभा गेली. मला हे वाचून फार मजा वाटली. आमच्याकडे तिफण, चाडे आणि नळे कित्येक पिढ्यांपासून आहेत. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात किती सारखा चालतो यावर आमच्या आजीची पिढी सुनेची पारख करी. साहेब सगळ्यात पुढे होता असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. आणि आपल्याच जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांनीही वाचावे, कारण आमचीही तिफण गेली आणि ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले. शोभा गेली, पाठीची कळही गेली. हार्डी दोन्ही सांगतो.

'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मधली वादळाची रात्र अशीच. गॅब्रिएल ओक हा राखणदार. बेडूक रस्ता ओलांडतो, गोगलगाय घरात शिरते, मेंढ्या एका कोपऱ्यात दाटी करतात, एवढ्यावरून त्याला वादळ कळते. आमच्याकडे मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की कळते. सगळे गडी जेवणावळीत पिऊन पडलेले. ओक एकटाच विजांच्या उजेडात धान्याच्या गंजी झाकतो, मग मालकीण बॅथशेबा मदतीला येते. पण मला त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट जास्त लागते. शेजारचा मोठा शेतकरी बोल्डवूड प्रेमभंगाने खचलेला असतो. ओक त्याला विचारतो, तुमच्या गंजी झाकल्या ना? तो म्हणतो, राहून गेले. बस्स. शहरातल्या वाचकाला ही लहानशी माहिती वाटेल. आमच्याकडे शेतकरी बनीम झाकायचा विसरला, असे ऐकले की घरातली शहाणी माणसे कामधाम टाकून त्याच्याकडे जातात. कारण तो विसरणे शक्य नसते. त्याला आता काही वाटेनासे झाले आहे, असा त्याचा अर्थ असतो.

गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्या जिल्ह्याचे नाव राज्यभर कशासाठी घेतले जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने जे झाले, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली, तेही ताजे आहे. पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची ही आपली म्हण जुनीच. म्हणून मी घरातल्या तरुण मुलांना म्हणते, बोल्डवूडचे ते पान वाचा. 'राहून गेले' एवढे दोन शब्द ऐकू येणारा कान तयार होण्यासाठी वाचा. परीक्षेला येवो न येवो.

आता टेस. 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स', १८९१. माझ्या पिढीतल्या अनेकींनी टेस आधी सिनेमात पाहिली आणि आपण टेस पाहतो आहोत हे त्यांना कळलेही नाही. १९६७ सालचा नूतन-धर्मेंद्रचा 'दुल्हन एक रात की' तो हाच.

टेसचा बाप फिरता किरकोळ विक्रेता. गावचा पाद्री त्याला सहज सांगतो, की तुझे घराणे मूळचे मोठे सरदारांचे. झाले! त्या दिवसापासून बाप कामाचा राहत नाही. (आमच्याकडे 'आम्ही मूळचे कुठले' हे सांगण्यात ज्यांचा दिवस जातो, अशी माणसे प्रत्येक पारावर मिळतील. नावे घेत नाही, नातेवाईक वाचतात.) बाप पिऊन पडलेला म्हणून पोर रात्री गाडी घेऊन बाजाराला निघते, तिचा डोळा लागतो, टपालगाडी धडकते आणि घोडा मरतो. घरातले एकमेव जनावर गेले की त्या घराचे काय होते, आणि त्याची भरपाई घरातल्या थोरल्या मुलीकडून कशी वसूल केली जाते, याची ही कादंबरी आहे. बाकी सगळे त्यातून निघते.

टेस पुढे फ्लिंटकूम-अॅश नावाच्या खडकाळ शेतावर मजुरीला लागते. थंडी-पावसात बायका जमिनीतून कंद उकरतात, नंतर वाफेच्या मळणीयंत्रावर पेंढ्या सोडतात. यंत्र थांबत नाही म्हणून बाईला थांबता येत नाही. मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, लाल मिलो हे सगळे पाहिले आहे. पण मला खरी आठवण झाली ती ऊसतोडीची. हार्डी सांगतो, की वसंतात ठरलेल्या दिवशी त्या परगण्यातले शेतमजूर बिऱ्हाड गाडीत घालून मालक बदलायला निघत. रस्तोरस्ती फडताळे, पिंपे, पोरे लादलेल्या गाड्या. आमच्याकडे दसरा झाला की तेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळी, म्हातारी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गाच्या हजेरीत 'गैरहजर' लिहून लिहून पेनातली शाई संपे. पुढे हंगामी वसतिगृहे निघाली, थोडी मुले थांबू लागली. मुली कमी थांबल्या.

ऑफ तासाला मी वर्गात टेस सांगत असे, मराठीत, तीन-चार तासांत मिळून. लग्नाच्या रात्रीपाशी वर्ग अगदी चिडीचूप होई. एंजल आपल्या बायकोला कबूल करतो, की लंडनमध्ये आपण दोन दिवस एका बाईसोबत वाहवत गेलो होतो. टेस त्याला तत्काळ क्षमा करते. मग ती आपली गोष्ट सांगते, जिच्यात तिचा दोष नव्हता. तो तिला टाकून जातो. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दोघांनीबी सांगितलं की. मग तिलाच कामून शिक्षा?"

इंग्रजी साहित्यावर पुस्तके लिहिणाऱ्यांनी या प्रश्नावर पाने भरली आहेत. तिने एका ओळीत विचारले. मी तिला म्हटले, हा प्रश्न विचारावा म्हणूनच हे पुस्तक लिहिले आहे. ती हुशार होती. दहावीला आमच्या शाळेत नव्हती. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले आणि हंगामाला नवा कोयता तयार झाला. टेलरच्या ताराला वाचवायला घोड्यावरून कोणी तरी येतो. टेसला वाचवायला कोणी येत नाही. म्हणून मी म्हणते, टेस खरी.

हार्डीबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही. पण एकट्या हार्डीवर थांबणे बरोबर नाही. जेन ऑस्टिनबद्दल थोडे सांगते, कारण तिथे माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही.

'प्राइड अँड प्रेजुडिस' १८१३ ची. बेनेट कुटुंबाला पाच मुली, मुलगा नाही. आणि इस्टेटीची अट अशी, की ती पुरुष वारसालाच जाणार. म्हणजे बाप गेला की दूरचा चुलतभाऊ मालक, आई-मुली रस्त्यावर. या घरात बाप पुस्तके वाचतो, टोमणे मारतो आणि सगळे वाचक त्याच्यावर खूश असतात. आई मुलींची लग्ने जमवायला धडपडते आणि सगळे वाचक तिला हसतात. मिसेस बेनेट मूर्ख आहे, बडबडी आहे, कबूल. पण त्या घरात उद्याचा विचार करणारे ते एकच माणूस आहे. पाच मुलींच्या आईला हसणे मला तरी जमत नाही. आणि सत्तावीस वर्षांची शार्लट त्या बावळट कॉलिन्सशी लग्न करते, तेव्हा मला ती लाचार वाटत नाही. तिने आपल्या डोक्यावरच्या छपराचा हिशेब केला. तो हिशेब तिला करावा लागला, यात तिची लाज नाही, कायद्याची आहे.

आपण म्हणू, ते तिकडचे, दोनशे वर्षांपूर्वीचे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. कायदा झाला आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोड पत्र आले. वडिलांचे दिवस होतात, फेरफाराची वेळ येते आणि बहिणींना तालुक्याला बोलावले जाते. मीही सही केली आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. भाऊ मायेचे आहेत, माहेर उघडे आहे. पण सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा त्यावर सगळे आधीच लिहिलेले होते. 'तुला काय वाटते' हा रकाना त्यात नव्हता, आणि तो असावा असे खोलीतल्या कोणाला सुचलेही नाही. हे मी माहेरची मंडळी वाचतात हे ठाऊक असून लिहीत आहे. पुढच्या पिढीत भाच्यांची वेळ येईल तेव्हा त्यांनी सही करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. त्यांना आधी विचारा, एवढेच सांगते. ऑस्टिनबाईंनी मला एवढे शिकवले.

आता साहेबाचे कशाला वाचायचे, या प्रश्नाकडे येते. त्यातला राग मला समजतो. या कादंबऱ्या वाचताना डोळे मिटून चालत नाही. 'जेन एअर' मला प्रिय आहे. पोरकी, गरीब, पण ताठ मानेची ती शिक्षिका कोणत्या शिक्षिकेला आवडणार नाही? पण त्याच पुस्तकात माळ्यावर कोंडलेली वेडी बायको जमैकाची आहे, आणि तिची बाजू कोणी विचारत नाही. त्यात सेंट जॉन नावाचा धर्मोपदेशक आमच्याकडे यायला निघतो आणि त्यासाठी जेनला हिंदुस्थानी शिकवायला बसतो, तेव्हा मला पानातून डोके काढून विचारावेसे वाटते, बाबा रे, तुला बोलावले कोणी? हे सगळे दिसले पाहिजे. पण दिसते म्हणून पुस्तक मिटायचे, हे मला पटत नाही. आपल्या हरिभाऊ आपट्यांनी मिटले नाही. रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून त्यांनी १८८५ मध्ये 'मधली स्थिती' लिहायला घेतली, आणि तिथून पाच-सहा वर्षांत ते 'पण लक्षात कोण घेतो!'पर्यंत पोचले, जी शंभर टक्के आपली, पुण्याच्या वाड्यातली, केशवपन झालेल्या यमूची. बाहेरचे वाचून माणूस परका होत नाही. स्वतःच्या घराकडे नीट बघायला शिकतो.

आणि हार्डीचा ज्यूड आठवा. गवंडीकाम करणारा पोरगा, पावाची गाडी हाकता हाकता लॅटिन शिकतो. विद्यापीठातल्या कॉलेजांच्या प्रमुखांना पत्रे लिहितो आणि उत्तर येते, की तू आपला धंदाच धरून राहा. मराठवाड्यातल्या माणसाने हे वाचले की १९५० साली औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेले मिलिंद महाविद्यालय आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यूडला असे दार उघडून देणारे कोणी भेटले नाही. आमच्या मुलांना भेटले. आपल्याकडे काय घडले ते किती मोठे होते, हे मला ज्यूडने कळवले.

शेवटचा मुद्दा भाषेचा. 'मुळातून वाचा, नाहीतर वाचू नका' असे म्हणणारे विद्वान असतात. त्यांना माझा नमस्कार. टॉलस्टॉय त्यांनी तरी कुठे रशियनमधून वाचला? मुळातून वाचता आले तर सोन्याहून पिवळे. नाही आले तर अनुवाद वाचा. अनुवाद नाही मिळाला तर ज्याने वाचले आहे त्याच्याकडून गोष्ट ऐका. १८४१ सालीच हरी केशवजींनी 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' मराठीत 'यात्रिकक्रमण' म्हणून आणले होते. म्हणजे आपल्याला ही सवय जुनी आहे. आणि ज्या घरात मुले इंग्रजी माध्यमात आहेत, तिथे तर उलटी गंमत करता येईल. नातीने रात्री एक प्रकरण वाचावे आणि आजीला मराठीत सांगावे. आजीने सांगावे, की असे आपल्याकडे कोणाच्या घरी झाले होते. मुलीचा अभ्यास होईल, आजीची करमणूक होईल, आणि मधल्या पिढीला मोबाइल बघायला तासभर मोकळा मिळेल.

आमच्याकडे सध्या 'सायलस मार्नर' चालू आहे. विणकराचे सोने चोरीला जाऊन त्याच्या चुलीपाशी सोनेरी केसांची पोर येऊन निजते, तिथपर्यंत आलो आहोत. नातीला काळजी लागली आहे की चोर सापडणार की नाही. मी सांगितलेले नाही. तुम्ही वाचलेल्या परक्या मुलखातल्या कादंबरीत तुम्हाला आपले गाव कुठे भेटले असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या उन्हाळ्याची तेवढीच बेगमी.